चार राज्ये पाहिलेली मोटार

पांढरकवडा हे केळापूर तालुक्याचे मुख्य ठाणे. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा महामार्ग याच मुलुखातून जातो आणि आसपास कापसाची शेती आहे. १९३६ साली हा भाग ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ या नावाने ओळखला जाऊ लागला. १९५० साली तो मध्य प्रदेशात गणला गेला, १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. गावे जागची हलली नाहीत, पण त्यांनी चार राज्यांची नावे पाहिली.

अशा मुलुखात १९३७ साली नोंदलेली एखादी मोटार आज कुणाच्या गोठ्यात धूळ खात उभी आहे, असे क्षणभर समजू या. रंग उडालेला, चाके जमिनीत रुतलेली. भंगारवाला तिचे वजन करील. जाणता खरेदीदार मात्र आधी तिचे नोंदणीपुस्तक मागेल. राज्यांची ही उलथापालथ त्या जीर्ण पानांवरील शिक्क्यांत उमटलेली असू शकते.

मोटारीच्या अंगावरही इतिहास असतो. १९२८ साली जनरल मोटर्स कंपनीने मुंबईत मोटारी जोडण्याचा कारखाना सुरू केला. परदेशाहून सुटे भाग बोटीने येत आणि येथील कामगार त्यांची गाडी उभी करीत. १९५४ साली तो बंद झाला. म्हणून त्या काळची एखादी शेव्हरोलेट जन्माने अमेरिकन असली, तरी तिला आकार मुंबईच्या हातांनी दिलेला असू शकतो. ती खूण पुसली गेली की पुन्हा मिळत नाही.

अशी गाडी पारखताना चकाकीला भुलू नये. त्या काळच्या कित्येक मोटारींच्या पत्र्याखाली लाकडी सांगाडा असे. तेव्हा प्रथम वाळवी पाहावी. सांगाड्यावरचा आणि इंजिनावरचा क्रमांक पुस्तकातील क्रमांकाशी ताडून घ्यावा. वर्षानुवर्षे बंद असलेले इंजिन बळाने फिरवू नये. स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडावे, काही दिवस थांबावे आणि मग हाताने हळूहळू फिरवून पाहावे.

कायद्यानेही आता या अस्सलपणाला मान दिला आहे. १५ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम जाहीर केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली, मूळ रूपात राखलेली, सांगाडा, बाह्यांग वा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली खासगी दुचाकी वा चारचाकी ही ‘व्हिंटेज’ ठरते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षे चालते. नूतनीकरणास ५,००० रुपये पडतात. नव्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, आधी नोंदलेल्या गाडीला मात्र तिचा मूळ क्रमांक राखता येतो. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते. प्रदर्शन, संशोधन, रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणता येते.

गाडीचे वय पहिल्या नोंदणीवरून मोजले जात असल्याने ते फाटके पुस्तक अमोल ठरते. दुसरी अडचण वारसांची. मालक निवर्तल्यावर वारसाने ३० दिवसांत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावे आणि ३ महिन्यांत नमुना ३१ भरून नाव लावून घ्यावे, असा नियम आहे. आजोबांच्या गाडीबाबत हे बहुधा राहून गेलेले असते. भावंडांची लेखी संमती घेण्यापूर्वी पैसे मोजले, तर गाडीबरोबर घरचा तंटाही विकत घेतला जातो.

जुने खरेदीखत सुवाच्य अक्षरात उतरवून मूळ कागद कोणी जाळीत नाही. तेच भान मोटारीच्या बाबतीत हवे. गंज थांबवावा, वाळवी काढावी, पण जुना रंग खरवडण्याची घाई करू नये. आणि ज्यांच्या गोठ्यात अशी गाडी आहे, त्यांनी भंगारवाल्याला हाक मारण्याआधी आजोबांची पेटी एकदा उघडून पाहावी. नोंदणीपुस्तक तिथेच असण्याचा संभव आहे.