माळवदाखालचा हिवाळा

धाराशिवकडे कडाक्याची थंडी पडते असे म्हटले, की पुण्यामुंबईचा माणूस आपल्याकडे जरा संशयाने पाहतो. मराठवाडा म्हणजे ऊन, दुष्काळ आणि आटलेल्या विहिरी, एवढेच त्याच्या मनात पक्के बसलेले असते. काश्मीरकडच्या माणसापुढे तर आम्ही आमच्या थंडीची गोष्टच काढू नये. आमच्याकडे बर्फ पडत नाही, की हौदातले पाणी गोठत नाही. पण थंडी ही नुसती पाऱ्याने मोजायची वस्तू नव्हे. अंगावर काय आहे आणि डोक्यावर काय आहे, त्यावर तिचा कडाका ठरतो. बालाघाटाचे हे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फूट उंच. मार्गशीर्षात उघड्या काळ्या रानावरून वारा सुटला, की ज्याच्यापाशी एक धोतर आणि एक घोंगडी एवढीच दौलत आहे त्याला तो हाडापर्यंत कळतो. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला अंगावर काटा आणणारा गारठा पौष-माघात चांगला मुरतो आणि होळी पेटेपर्यंत काही हलत नाही.

आमच्या जिल्ह्याचा इतिहास सांगायला बसले, की नळदुर्गचा किल्ला येतो, तुळजापूरची भवानी येते, रोमन व्यापाऱ्यांना ठाऊक असलेले तगर म्हणजे आजचे तेर येते, आणि तेरचे गोरोबाकाकाही येतात. ते यायलाच हवेत. पण माघाच्या रात्री घरात कोण कोठे निजत असे, चूल केव्हा विझत असे, म्हातारीच्या अंगावर कोणती वाकळ असे, हे कोणी लिहून ठेवत नाही. तेही इतिहासातच जमा आहे, असे मी समजतो. कारण पिढ्यान् पिढ्या चालत आलेली ही मांडणी आमच्या डोळ्यांदेखत एका पहाटे मोडली, आणि त्यानंतरचा हिवाळा आमच्या लोकांनी जसा काढला तसा आधी कधी काढला नव्हता.

आधी घर कसे असे ते सांगितले पाहिजे. आमच्याकडचे जुने घर म्हणजे माळवदाचे. काळा दगड आणि माती यांची भिंत. जाडी दोन फुटांपासून चार फुटांपर्यंत, कोठे त्याहूनही अधिक. तिला चुना नाही, सिमेंट तर नाहीच. आतून एक थर, बाहेरून एक थर, मध्ये माती आणि दगडांच्या कपऱ्या. लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडे दाटीने मांडलेली, आणि त्यांवर मातीचा जाड थर. वरचा हात पांढऱ्या मातीचा, कारण ती पाणी मुरू देत नाही. घर किती मोठे, हे खणांवर सांगायचे: पाच खणांचे, सात खणांचे. खिडकी हा प्रकार जवळजवळ नव्हताच. चोरदरोड्याचे भय होते, आणि वाऱ्याचेही.

शहरातून आलेले पाहुणे या अंधाराला नाके मुरडीत. पण वैशाखात दुपारी बारा वाजता त्या अंधारात शिरून पाहावे, आणि पौषात पहाटे चारला. जाड भिंत दिवसभराचे ऊन पोटात साठवते आणि रात्री सावकाश सोडते. बाहेर वारा झोंबत असताना आत नुसत्या चुलीच्या उबेवर रात्र निघे. बिनपैशाची अशी व्यवस्था कोणा शिकल्यासवरल्या इंजिनिअराने करून दाखवावी!

मी लहान होतो तेव्हाचा, म्हणजे १९५० नंतरच्या दशकातला, आमच्या घरातला हिवाळा मला नीट आठवतो. रात्रीची जेवणे दिवेलागणीलाच उरकत. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, आणि फार गारठा असला की हुलग्याचे गरम माडगे. मग चुलीतले निखारे राखेखाली झाकायचे. चुलीलगतची जागा आजीची. तिच्या दोन्ही अंगांना आम्ही पोरे, एका वाकळेखाली चार-चार. ही वाकळ म्हणजे घराण्याची बखरच. तिच्यात पणजीचे लुगडे, आत्याच्या लग्नातले पातळ, काकांच्या फाटक्या धोतराचा तुकडा, सगळे एका दोऱ्यात टाचलेले. आजी अंधारात नुसत्या बोटांनी चाचपून सांगे, हे कोणाचे आणि ते कोणाचे.

आजोबा ढाळजेत, दाराशी. थंडी कितीही असो, घरच्या कर्त्याने दार सोडायचे नाही. गुरे वाड्यातच, त्यांच्या अंगाची ऊब आणि शेणाचा वास भिंतीपलीकडून येत असे. सालगडी रानात माळ्यावर, शाळूची राखण करीत. त्याच्या थंडीचा विचार आम्ही तेव्हा केला नाही. हुरड्याचा मात्र केला. पहाटे जात्याची घरघर सुरू झाली की आम्ही वाकळेत आणखी आत सरकायचो. जात्यावर बसणाऱ्या बाईला थंडी वाजत नाही, असे घरातली पुरुष मंडळी म्हणत. त्यांपैकी एकही कधी जात्यावर बसला नव्हता.

भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि गाडग्यातली मिसळीची भाजी. पायांच्या भेगांना करडईचे तेल. आणि मार्गशीर्षाच्या अमावस्येला वेळ अमावस्या, आमच्या तोंडी येळवस. त्या दिवशी सारे घर रानात. कडब्याची कोप उभी करायची, आत पांडव मांडून पूजा करायची, मग भज्जी, आंबील, उंडे आणि खीर. गावात त्या दिवशी चिटपाखरू सापडत नसे. या सणाचे धाराशिव-लातूरकडे जेवढे प्रस्थ तेवढे दुसरीकडे क्वचितच दिसेल.

या घरांतून माणसे आधीही एकदा बाहेर पडली होती. १९४७-४८ च्या हिवाळ्यात निजामी राजवटीत रझाकारांचा उच्छाद वाढला, तेव्हा जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबे बायकामुलांसह सरहद्दीपलीकडे बार्शी-सोलापूरकडे गेली. कोणी नातलगांकडे राहिले, कोणी जागा मिळेल तेथे. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झाले आणि बहुतेक जण परतले. दारे मोडली होती, धान्य गेले होते, पण भिंती जागच्या जागी होत्या. आजी सांगे, ‘आल्या आल्या आधी चूल पेटविली, मग रडले.’

भिंतीवरचा हा भरवसा किती खोल होता, हे कळल्यावाचून पुढची गोष्ट कळायची नाही.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी तेरणेच्या काठची जमीन हलली. किल्लारी हे नाव जगभर झाले. १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा निघाला त्याआधी किल्लारीही आमच्याच जिल्ह्यात होती. आमच्या बाजूला सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी या गावांवर तोच घाला पडला. धक्का ६.४ रिश्टरचा सांगितला गेला. दोन्ही जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. काही गणना याहूनही मोठी आहे. त्या वेळच्या भूकंपाच्या सरकारी नकाशात हा मुलूख सर्वांत निर्धोक पट्ट्यात रंगविलेला होता. २००२ च्या नकाशात तो वरच्या पट्ट्यात गेला.

एवढ्या धक्क्याने जगात सर्वत्र इतकी माणसे मरत नाहीत. आमच्याकडे मेली ती माळवदाखाली. भिंतीच्या दोन थरांना एकमेकांशी बांधणारे लांब दगड घातलेले नव्हते, त्यामुळे हादऱ्यासरशी थर सुटे झाले आणि वरची माती खाली आली. ती माती इतकी कोठून आली? माळवद गळू नये म्हणून घरधनी पावसाळ्याआधी त्यावर मातीचा नवा हात फिरवी. जुना थर मात्र कोणी काढीत नसे. बापाने घातलेल्या मातीवर मुलाने घातली, त्यावर नातवाने. घर जपण्याची ही रीत होती. छत जाड तितकी ऊब जास्त, असाही हिशेब त्यात असे. पुढे तज्ज्ञांनी ढिगारे तपासले तेव्हा कोठे कोठे हा थर दीड-दोन फुटांहून अधिक भरला. ज्यांचे लाकडी खांब सरळ मजबूत होते त्यांचे छत भिंती ढासळूनही काही ठिकाणी खांबांवर तोलून राहिले. आणि गावकुसाला कुडाच्या, गवताच्या झोपड्यांतून जे जन्मभर कुडकुडत आले होते, त्यांतले पुष्कळ वाचले. ज्याला थंडी अधिक वाजत होती तो जगला. याचा अर्थ लावायला मी पुष्कळदा बसलो आहे. लागत नाही.

माझ्या आत्याचे सासर तेरणाकाठचे. गणपती पोहोचवून उशिरा आलेली ती आणि तिचा धाकटा मुलगा ओट्यावरच लवंडले होते, म्हणून उरले. घरातल्या बाकीच्यांची नावे मी येथे सांगत बसत नाही.

आधी पाऊस आला. मग पत्रे आले. देशातून, परदेशातून मदत आली. सैन्याने, संस्थांनी, साध्या माणसांनी फार मोठे काम केले. नोव्हेंबरात दिवाळी आली ती कोणी केली नाही. आणि मग थंडी पडली. त्या वर्षी पारा काही निराळा उतरला असेल-नसेल. पण विचारा कोणाही जाणत्या माणसाला, तो सांगेल की असा हिवाळा पाहिला नाही.

मी डिसेंबरात आत्याकडे आठ दिवस राहिलो. पत्र्याची एक खोली, तीच सगळे घर. ढाळज नाही, माजघर नाही, देवघर नाही. सासू, सून, दीर, सारे एका दिव्याखाली. आड जायला आडोसा नाही. पत्रा दिवसा तापे आणि सूर्य बुडाला की तासाभरात बर्फासारखा होई. रात्री माणसांच्या श्वासाचे दव आतून पत्र्यावर धरे आणि पहाटे ते थेंबाथेंबाने तोंडावर पडे. लोकांनी वाऱ्याच्या बाजूला कडब्याच्या पेंढ्या रचल्या, फटींत चिंध्या कोंबल्या. चूल आत पेटवावी तर धूर कोंडे, बाहेर पेटवावी तर ऊब वाऱ्यावर जाई. जमीन अजून मधूनमधून हलत होती. पत्रा वाऱ्याने खडखडला तरी माणसे पोरे काखोटीला मारून बाहेर धावत आणि मग शेकोटीशीच उजाडेपर्यंत बसून राहत. त्या शेकोट्यांना जळणाची वाण नव्हती. ज्या तुळयांनी घर मोडले त्याच तुळया जळत होत्या.

पांघरुणे पुष्कळ आली होती. करड्या रंगाची, एकसारखी. आत्या ते ब्लँकेट हातात घेऊन बोटांनी चाचपायची आणि खाली ठेवायची. बाईच्या जुन्या वाकळा ढिगाऱ्याखाली राहिल्या होत्या. एक दिवस तिने मदतीत आलेल्या कपड्यांच्या गाठोड्यातून चार साड्या वेगळ्या काढल्या. कोणा परमुलखातल्या, कधी न पाहिलेल्या बायकांच्या. शेजारणीकडून सुई मागून आणली आणि पत्र्याच्या दाराशी उन्हात बसून वाकळ शिवायला घेतली. मी विचारले, ‘आत्या, ब्लँकेटं आहेत की इतकी!’ ती म्हणाली, ‘हाईत. पर ती कुनाची न्हाईत रं.’

जानेवारीत येळवस आली. सण करावा की नाही, यावर पुरुष बराच वेळ बोलत बसले. बायकांनी आंबील घुसळली होती. शेवटी रानात कोप उभी राहिली. जेवणे झाल्यावर म्हातारी माणसे उठेनात. कोपीतच राहतो म्हणाली. ती पडली तरी कडब्याचीच.

पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने आणि अनेक दात्यांच्या पैशाने पुनर्वसन झाले. बावन्न गावे जुन्या जागेवरून उठवून नव्या जागी वसविली. सरळ आखलेले रुंद रस्ते, रांगेने घरे. ते काम सोपे नव्हते, आणि त्याला नावे ठेवणे फार सोपे आहे. पण रांगेत भावकी तुटली, शेजार बदलला, ओटे समोरासमोर राहिले नाहीत. गुरांना जागा कमी पडली. विटांची नवी भिंत, तिला ना उन्हाळा अडे ना हिवाळा. दुरुस्तीलायक गावांतून जुन्या घरांना बांधदगड आणि सिमेंटचे पट्टे घालून, माळवदावरची माती उतरवून ती बळकट कशी करावीत हे शिकविले गेले. विद्या चांगली होती. पण दगडाची भीती बसली ती बसली. जेथे धक्का नुसता जाणवला होता तेथेही लोकांनी चांगली माळवदे उतरवून पत्रे चढविले, आणि दर पौषात कुडकुडणे पत्करले.

आत्याला नव्या गावात पक्के घर मिळाले. मुलाचे लग्न झाले, सून आली, नातवंडे झाली. जुना पत्रा मात्र तिने टाकू दिला नाही. घरामागे त्याची खोली उभी केली आणि अखेरपर्यंत तेथेच निजली. थंडीच्या दिवसांत सून रोज रात्री आर्जव करी, ‘आत्याबाई, आत चला.’ ती म्हणे, ‘तुमी निजा गं,’ आणि साड्यांची ती वाकळ डोक्यावरून ओढून घेई. पुढे सुनेने रात्री झोपण्याआधी पाटीभर निखारे त्या खोलीत नेऊन ठेवण्याची सवयच लावून घेतली. पाटी उंबऱ्यात ठेवायची, पत्र्याचे दार अर्धे लोटायचे, आणि धाकट्या नातवाला आजीजवळ सोडून परत यायचे.