मेडिकलच्या विद्यार्थ्यांना दोन महिन्यांचं संशोधन : आयसीएमआरची 'एसटीएस' योजना काय आहे?

नीटचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमध्ये सत्कार होतात. एमबीबीएस किंवा बीडीएसला नंबर लागलेल्या मुला-मुलींना शाल, बुके, ट्रॉफी मिळते. ते व्हायलाच हवं. पण त्यानंतरच्या चार-साडेचार वर्षांत त्या मुलांना काय माहिती लागते, याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. ज्या घरात आधीच डॉक्टर आहे तिथे जेवताना या गोष्टी कानावर पडतात. ज्या घरातला हा पहिलाच डॉक्टर आहे, तिथे कोण सांगणार? आम्ही शिक्षक मंडळी म्हणूनच हा विषय आज सविस्तर मांडत आहोत.

योजना नेमकी काय?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, ही केंद्र सरकारची संस्था आहे. १९११ साली 'इंडियन रिसर्च फंड असोसिएशन' या नावाने ती सुरू झाली आणि १९४९ मध्ये तिला आजचं नाव मिळालं. या परिषदेने १९७९ मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी 'शॉर्ट टर्म स्टुडंटशिप' सुरू केली. तिलाच सगळे एसटीएस म्हणतात.

एमबीबीएस आणि बीडीएसचे विद्यार्थी आपल्याच कॉलेजातल्या एका प्राध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली दोन महिन्यांचा छोटा अभ्यास करतात. त्याचा अहवाल परिषदेला पाठवतात. अहवाल मंजूर झाला की प्रमाणपत्र आणि विद्यावेतन मिळतं. अलीकडच्या वर्षांत ही रक्कम एकूण ५० हजार रुपये आहे.

अमेरिकेत मेडिकलची मुलं पहिल्या वर्षानंतरच्या उन्हाळी सुट्टीत असं संशोधन करतात. आपल्याकडे एवढी लांब सुट्टी नसते. त्यामुळे बहुतेक मुलं लेक्चर आणि पोस्टिंग सांभाळून, ओपीडीच्या वेळेत आणि सुट्टीच्या दिवसांत हे काम उरकतात. काम आपल्याच कॉलेजात असल्यामुळे परगावी राहण्या-खाण्याचा खर्च नाही. मुलीला लांब पाठवायला कचरणाऱ्या पालकांनी हे विशेष लक्षात घ्यावं.

आधी तयारी, मग फॉर्म

अर्जाच्या तारखा दरवर्षी बदलतात आणि आयसीएमआरच्या संकेतस्थळावर जाहीर होतात. पात्रतेचे नियमही त्या त्या वर्षीच्या सूचनेत वाचावे लागतात. इंटर्नशिप सुरू झालेल्यांना अर्ज करता येत नाही. म्हणून पहिल्या-दुसऱ्या वर्षातच डोळे उघडे ठेवावेत.

अर्जाचा क्रम साधारण असा असतो :

१. गाइड शोधणे. गाइड कॉलेजातले पूर्णवेळ प्राध्यापक असावे लागतात आणि एका गाइडला एकच विद्यार्थी घेता येतो. जो आधी विचारतो त्याला जागा मिळते. सूचना निघाल्यावर धावपळ करणाऱ्याला बरेचदा 'माझ्याकडे एक जण आहे' असं उत्तर मिळतं.

२. गाइडबरोबर बसून विषय ठरवणे आणि संशोधनाचा आराखडा लिहिणे.

३. ऑनलाइन अर्ज भरणे आणि कॉलेजच्या प्रमुखांच्या सही-शिक्क्याची कागदपत्रं जोडणे.

४. कॉलेजच्या एथिक्स कमिटीची मंजुरी घेणे. ही मंजुरी हातात येईपर्यंत एकाही रुग्णाची माहिती गोळा करायची नाही.

५. दोन महिने काम करणे आणि मुदतीत अहवाल पाठवणे.

पैशांबाबत एक गोष्ट स्पष्ट असावी. विद्यावेतन अहवाल मंजूर झाल्यावर मिळतं, आधी नाही. झेरॉक्स, प्रवास, तपासणीचं साहित्य यासाठी परिषद वेगळा निधी देत नाही. म्हणून खर्चिक तपासण्या लागतील असा विषय घेऊ नये. रक्कम हातात येणार या भरवशावर घरात कुणी उसनवारीही करू नये.

प्रश्न छोटा, पण खरा

बहुतेक मुलांची गाडी विषयावर अडते. 'भारतातील मधुमेह' हा विषय झाला, प्रश्न झाला नाही. 'रमजानचे रोजे ठेवणाऱ्या आमच्या ओपीडीतल्या मधुमेही रुग्णांपैकी किती जणांनी औषधाच्या वेळा डॉक्टरांना विचारून बदलल्या?' हा प्रश्न झाला. याचं उत्तर मोजता येतं. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. उत्तर मिळालं तर पुढच्या रमजानआधी त्या ओपीडीत रुग्णांना काय सांगायचं, हेही ठरवता येतं.

आता रुग्ण किती हवेत? अशा अभ्यासासाठी एक सोपं सूत्र वापरलं जातं : चार गुणिले पी गुणिले क्यू, भागिले चुकीच्या मर्यादेचा वर्ग. पी म्हणजे अपेक्षित टक्केवारी, क्यू म्हणजे शंभरातून उरलेली. अंदाज नसेल तर दोन्ही ५० धरतात. चूक १० टक्क्यांपर्यंत चालणार असेल तर ४ × ५० × ५० भागिले १००, म्हणजे १०० रुग्ण. चूक ५ टक्क्यांवर आणायची म्हटलं तर भागिले २५, म्हणजे ४०० रुग्ण. आठ आठवड्यांत १०० रुग्ण म्हणजे आठवड्याला बारा-तेरा. ते जमतं. ४०० म्हणजे आठवड्याला ५०. लेक्चर सांभाळून एका विद्यार्थ्याला ते झेपणं कठीण. आराखडा लिहितानाच हा हिशेब मांडला तर तपासणाऱ्यालाही कळतं की मुलाने विचार केला आहे.

नवीन औषध देऊन पाहणं, उपचार बदलणं असे विषय मात्र या वयात आणि एवढ्या वेळात घेऊ नयेत. त्याचे नियम कडक आहेत आणि ते तसेच असायला हवेत.

आपल्या मुलांची जमेची बाजू

इंग्रजी कच्चं आहे म्हणून उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेली मुलं मागे राहतात, हे आम्ही वर्षानुवर्षं पाहतो. पण या कामात त्यांच्याकडे असं काही आहे जे इतरांना शिकावं लागतं. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती देऊन त्याची संमती घ्यावी लागते. मराठवाड्यातल्या सरकारी दवाखान्यात दखनी बोलणारी खाला आली, कोकणातून मराठी बोलणारे चाचा आले, तर दोघांना त्यांच्या बोलीत समजावणारा विद्यार्थी खरी माहिती मिळवतो. नाहीतर रुग्ण मान डोलावतो आणि अंगठा उठवतो.

संमतिपत्राचा मराठी आणि उर्दू मसुदा स्वतः तयार करावा. 'तुम्ही नाही म्हणालात तरी तुमच्या उपचारात काही फरक पडणार नाही' हे वाक्य त्यात हवंच आणि ते तोंडानेही सांगावं. रुग्णाचं नाव, पत्ता, आजार बाहेर जाऊ देऊ नये. मोबाइलमध्ये केसपेपरचे फोटो काढून ग्रुपवर टाकणं तर बिलकुल चालणार नाही.

याने पीजीला मार्क वाढतात का?

नाही. एमडी-एमएसचा प्रवेश नीट-पीजीच्या गुणांवर होतो. त्यात एसटीएसचे वेगळे गुण नाहीत. मग करायचं कशाला? एक तर एमडी-एमएसला प्रबंध करावाच लागतो. तो तिथे पहिल्यांदा करण्यापेक्षा हात आधी बसलेला बरा. परदेशात पुढे शिकायचं असेल तर संशोधनाचा अनुभव विचारात घेतला जातो. सर्वात मोठं म्हणजे, औषध कंपनीचा माणूस आकडे दाखवत समोर बसला तर ते आकडे तपासून पाहायची सवय लागते.

आणि विद्यार्थ्यांच्या हातून मोठं काम होत नाही असंही नाही. स्वादुपिंडातले पेशींचे छोटे पुंजके पॉल लँगरहान्सने १८६९ मध्ये बर्लिनमध्ये नोंदवले, तेव्हा तो २१ वर्षांचा विद्यार्थी होता. ते पुंजके कशासाठी आहेत हे त्याला माहीत नव्हतं. पुढे १९२१ च्या उन्हाळ्यात टोरांटोमध्ये डॉ. बँटिंग यांच्यासोबत चार्ल्स बेस्ट हा २२ वर्षांचा तरुण सहायक म्हणून राबला आणि त्या कामातून इन्सुलिन हाती आलं. ते त्याच पुंजक्यांत तयार होतं. लँगरहान्सने जे दिसलं ते नीट लिहून ठेवलं, एवढंच. विद्यार्थ्याकडून अपेक्षा तेवढीच असते.

फसवणुकीपासून सावध

'पैसे भरा, आठवड्यात रिसर्च इंटर्नशिपचं सर्टिफिकेट आणि पेपर छापून देतो' असे मेसेज मुलांना येतात. अशा ठिकाणी एक रुपयाही देऊ नये. दुसऱ्याचा मजकूर उचलणं, न पाहिलेल्या रुग्णांचे आकडे भरणं हा तर रुग्णाशी केलेला दगा आहे. वाचनासाठी पबमेड मोफत आहे. १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेतून सरकारी संस्थांमधल्या विद्यार्थ्यांना हजारो नियतकालिकं वाचता येतात. कॉलेजच्या ग्रंथपालांना विचारावं.

इतर शाखांसाठी

एसटीएस ही एमबीबीएस-बीडीएससाठी आहे. बीएएमएसच्या विद्यार्थ्यांसाठी आयुर्वेद संशोधन परिषदेची 'स्पार्क' योजना आहे. होमिओपॅथीसाठी त्या शाखेच्या केंद्रीय परिषदेची अशीच स्टुडंटशिप आहे. युनानीच्या विद्यार्थ्यांनी सीसीआरयूएमच्या संकेतस्थळावरील सूचना पाहत राहाव्यात.

पालकांना आमची विनंती एवढीच. मुलगा किंवा मुलगी म्हणाली की 'या सुट्टीत घरी उशिरा येईन, ओपीडीत काम आहे', तर 'परीक्षेचं बघ, हे कशाला' असं म्हणू नका. आणि मोहल्ल्यात जे डॉक्टर झाले आहेत त्यांनी वर्षातून एक रविवार नव्या मुलांना द्यावा. आपण लिहिलेला आराखडा त्यांच्यासमोर ठेवावा, गाइडला कसं विचारायचं ते सांगावं. सत्काराच्या शालीपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.