शहरात कॅन्सरचे रुग्ण किती, हे मोजतं कोण?

छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात मराठवाड्यातल्या अनेक जिल्ह्यांतून रुग्ण येतात. मग तिथली रुग्णसंख्या म्हणजेच शहरातल्या कॅन्सरचं प्रमाण का? नाही. त्यातले बरेच रुग्ण बाहेरगावचे असतात, तर शहरातले काही जण उपचारांसाठी थेट पुणे किंवा मुंबई गाठतात. म्हणूनच संशोधकांना लागते ती ‘कॅन्सर रजिस्ट्री’, म्हणजे कर्करोग नोंदणी.

रजिस्ट्री नेमकं काय करते?

आधी एक भाग ठरवला जातो. तिथल्या रहिवाशांपैकी कोणाला नव्याने कॅन्सर झाला, याची माहिती सरकारी आणि खासगी रुग्णालयं, पॅथॉलॉजी लॅब आणि मृत्यू नोंदणी कार्यालयांतून गोळा होते. वय, पत्ता, कॅन्सर कोणत्या अवयवाचा, हे सगळं नोंदवलं जातं. एकच रुग्ण दोनदा मोजला जाऊ नये, म्हणून नावं पडताळली जातात. नाव मात्र गोपनीय राहतं.

भारतात अशी पहिली रजिस्ट्री इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली मुंबईत सुरू केली. त्याच संस्थेने १९७८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादमध्येही हे काम सुरू केलं.

गावात नोंद कशी होते?

खेड्यात अनेक रुग्ण डॉक्टरांपर्यंत पोहोचतच नाहीत, मग नोंद कुठून मिळणार? १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत देशातली पहिली ग्रामीण रजिस्ट्री सुरू झाली. बार्शीसह परांडा आणि भूम हे तालुके तिच्या कक्षेत होते. इथले कर्मचारी गावोगावी जायचे, कॅन्सरची लक्षणं समजावून सांगायचे आणि संशयित रुग्णांना बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमध्ये पाठवायचे.

या नोंदींचा उपयोग काय झाला?

याच भागातला अनुभव पुढे मोठ्या संशोधनात कामी आला. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ महिलांवर अभ्यास झाला. प्रश्न असा होता की, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमुळे होणारे मृत्यू कोणत्या तपासणीने कमी होतात? गावांचे चार गट केले गेले. एका गटात एचपीव्ही टेस्ट, दुसऱ्यात पॅप टेस्ट, तिसऱ्यात अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून डोळ्यांनी पाहणी आणि चौथ्या गटात नेहमीचीच आरोग्यसेवा.

२००९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. एचपीव्ही टेस्टच्या गटात ३४,१२६ महिलांपैकी ३४ जणींचा या कॅन्सरने मृत्यू झाला होता. तपासणी न झालेल्या गटात महिला कमी होत्या, ३१,४८८, पण मृत्यू ६४ होते. म्हणजे आयुष्यात एकदाच केलेल्या टेस्टने मृत्यूचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. चौथ्या गटातल्या महिलांना तपासणी का दिली नाही, असा आक्षेपही नंतर घेतला गेला. तो वैद्यकीय नीतिमत्तेच्या चर्चेत आजही येतो.

२०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही डीएनए टेस्टला पहिली पसंती दिली. सर्वसाधारण महिलांनी तिशीपासून दर ५ ते १० वर्षांनी ही टेस्ट करावी, असं संघटना सांगते.

आकडे कसे वाचायचे?

राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०२० च्या अहवालात २८ रजिस्ट्रींची आकडेवारी आहे. त्यात उस्मानाबाद-बीडमध्ये कॅन्सरचं प्रमाण सर्वात कमी दिसतं. पुरुषांमध्ये ते लाखामागे ३९.५ आहे, तर मिझोराममधल्या ऐझॉलमध्ये २६९.४. तंबाखू, आहार, संसर्ग अशी फरकाची कारणं असू शकतात. पण कमी आकडा दिसला की संशोधक आणखी एक गोष्ट तपासतात. आजार खरंच कमी आहे, की रुग्ण निदानापर्यंत पोहोचतच नाहीत?

हॉस्पिटल कुठे उभारायचं, तपासणी मोहीम कोणत्या तालुक्यात आधी न्यायची, हे या आकड्यांवरून ठरतं. नोंद सुटली, तर त्या गावाची गरजही कागदावर दिसत नाही.