सहा गावांची हवा

डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस धूर आणि धुके दाटून राहिले आणि नेहमीपेक्षा काही हजार माणसे जास्त दगावली. तिथे हिशेब सोपा होता. त्या आठवड्यातले मृत्यू मोजायचे आणि एरवीच्या आठवड्यांशी ताडून पाहायचे. पण जी हवा कोणाला एका दिवसात मारत नाही, नुसती वीस-वीस वर्षे छातीत जात राहते, तिचा हिशेब कसा मांडायचा? विजेला मीटर असतो, छातीला नसतो.

या प्रश्नाला अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातल्या बेंजामिन फेरिस आणि फ्रँक स्पायझर या डॉक्टरांनी हात घातला. १९७३ साली तेलाची टंचाई झाली होती. वीजकेंद्रे पुन्हा कोळशाकडे वळणार अशी चिन्हे होती. १९७४ पासून त्यांनी सहा ठिकाणी काम सुरू केले : वॉटरटाउन, हॅरिमन, सेंट लुईसचा एक भाग, टोपीका, पोर्टेज आणि स्टूबेनव्हिल. पोर्टेज हे विस्कॉन्सिन राज्यातले, शेतीच्या मुलखातले गाव. स्टूबेनव्हिल ओहायो नदीच्या खोऱ्यात, पोलादाच्या कारखान्यांच्या धुरात वसलेले.

युक्ती साधी होती. माणसाला मीटर लावता येत नाही, तर गावाला लावायचा. यंत्राने हवा गाळणकागदातून ओढायची आणि कागदावर बसलेली धूळ तोलायची. पुढे बारीक कण जाड धुळीपासून वेगळे करणारी यंत्रे आली. हे बारीक कण म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान, आपल्या केसाच्या जाडीच्या सुमारे पंचविसावा भाग. नाक-घसा त्यांना अडवू शकत नाही. ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात.

आता कोणीही विचारील, की एका गावातली सगळी माणसे एकच हवा घेतात का? मुळीच नाही. काही घरांत यंत्रे ठेवून पाहिले, तेव्हा सिगारेट ओढणाऱ्याच्या घरातली हवा बाहेरच्यापेक्षा वाईट निघाली! म्हणून प्रत्येकाचे धूम्रपान, वय, शिक्षण, वजन, कामाची जागा, सगळे नोंदवून त्यांचा परिणाम हिशेबातून वेगळा काढावा लागला. बाकी काम वाट पाहण्याचे. कोण हयात आहे, कोण गेले, हे वर्षानुवर्षे विचारत राहायचे. माझ्या मते या अभ्यासाचे खरे यंत्र हा चिवटपणाच.

डग्लस डॉकरी आणि सहकाऱ्यांचा निबंध डिसेंबर १९९३ मध्ये छापून आला. ८,१११ प्रौढांवर चौदा ते सोळा वर्षे लक्ष ठेवले होते. स्टूबेनव्हिलमधला मृत्युदर पोर्टेजपेक्षा २६ टक्क्यांनी जास्त निघाला. बारीक कणांची सरासरी पोर्टेजला घनमीटरमागे ११ मायक्रोग्रॅम, तर स्टूबेनव्हिलला जवळजवळ ३०.

सहाच गावे, आणि हिशेबात धरलेली माणसे सगळी गोरी. तेव्हा शंका घेणे गैर नव्हते. १९९५ साली १५१ शहरांतल्या पाच लाखांहून अधिक लोकांच्या अभ्यासानेही तेच सांगितले. १९९७ साली अमेरिकेने बारीक कणांना वर्षाच्या सरासरीने १५ मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली. मग मात्र वादळ उठले. उद्योगधंद्यांनी आणि काही लोकप्रतिनिधींनी मूळ नोंदी मागितल्या. पण नोंदी गुप्त ठेवू, असा शब्द त्या माणसांना दिलेला होता. आणि लहान गावात मृत्यूची तारीख कळली की नाव कळायला कितीसा वेळ? शेवटी, निम्मा पैसा सरकारचा आणि निम्मा मोटार उद्योगाचा असलेल्या ‘हेल्थ इफेक्ट्स इन्स्टिट्यूट’ या संस्थेने त्रयस्थ तज्ज्ञांकडून सगळे आकडे पुन्हा तपासून घेतले. २००० साली अहवाल आला. मूळ निष्कर्ष टिकला.

भारताने बारीक कणांची मर्यादा २००९ साली ठरवली. वर्षाची सरासरी ४० मायक्रोग्रॅम. पोलादाच्या धुरातले ते स्टूबेनव्हिल या कसोटीला सहज उतरले असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सुचवलेला आकडा आहे ५. त्यात पोर्टेजही बसत नाही.