रिओ ग्रँड सदर्न : चांदीसाठी बांधलेली, टपालावर जगलेली रेल्वे

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात, नैऋत्येकडील सॅन हुआन पर्वतरांगांत, १८९१ ते १९५१ अशी साठ वर्षे रिओ ग्रँड सदर्न ही नॅरोगेज रेल्वे चालली. दोन रुळांमधले अंतर ३ फूट आणि मार्गाची लांबी १६२ मैल. उत्तरेला रिजवे, दक्षिणेला डुरँगो आणि मधे टेल्युराइड, ऑफिर, रिको, डोलोरेस, मँकोस ही गावे.

ही रेल्वे ऑटो मिअर्स यांनी काढली. डोंगरात टोलचे रस्ते बांधून त्यांनी आधीच नाव कमावले होते. सिल्व्हर्टनहून यूरेपर्यंत रूळ न्यायचा त्यांचा प्रयत्न मात्र फसला. यूरेच्या अलीकडची दरी इतकी अरुंद आणि तीव्र उताराची होती, की तिथून गाडी उतरवणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी सगळ्या डोंगराला पश्चिमेकडून वळसा घालायचे ठरवले. वाटेतल्या टेल्युराइड आणि रिको इथल्या खाणींतली चांदी या लांबच्या फेऱ्याचा खर्च भरून काढील, असा हिशेब होता. १८९० साली काम सुरू झाले आणि पुढच्या वर्षाअखेर दोन्ही टोके जोडली गेली.

मार्ग अत्यंत अवघड होता. लिझर्ड हेड खिंडीत तो सुमारे १०,२५० फूट उंचीवर पोहोचे आणि हिवाळ्यात तिथे बर्फाने गाड्या अडकून पडत. ऑफिरजवळ चढ गाठण्यासाठी रूळ उंच लाकडी पुलांवरून वळत वळत जवळजवळ स्वतःच्याच डोक्यावर येत. असे पूल मार्गावर जागोजागी होते आणि त्यांची डागडुजी कधीच संपत नसे.

चांदीचा हिशेब दोन वर्षांतच कोलमडला. सरकारने दरमहा ठरावीक चांदी विकत घ्यावी असा कायदा १८९० पासून लागू होता. १८९३ च्या मंदीत तो रद्द झाला. भाव गडगडले, खाणी बंद पडल्या आणि रेल्वेचे दिवाळे निघाले. मिअर्स यांच्या हातून ती गेली आणि डेन्व्हर अँड रिओ ग्रँड या मोठ्या कंपनीच्या ताब्यात आली. पुढे थोडेफार खनिज, लाकूड आणि गुरेमेंढ्या वाहून ती तग धरून राहिली; पण १९२९ साली कारभार पुन्हा न्यायालयाने नेमलेल्या रिसीव्हरकडे गेला.

एक उत्पन्न मात्र खात्रीचे होते : टपालाचा करार. मूठभर प्रवासी आणि टपालाच्या थैल्यांसाठी वाफेचे इंजिन पेटवणे परवडत नव्हते. गाडी बंद केली तर करारही जाणार होता. त्यावर रिजवेच्या कारखान्याने १९३१ मध्ये तोड काढली. ब्युइक मोटारीचा सांगाडा घेऊन त्याला रेल्वेची चाके लावली आणि मागे मालाची पेटी जोडली. पेट्रोलवरची ही गाडी हाकायला एकच माणूस पुरे. पुढे पिअर्स-ॲरो मोटारींचे सांगाडेही वापरात आले आणि १९३६ पर्यंत अशा सात गाड्या झाल्या. कंपनीच्या लेखी त्या नुसत्या ‘मोटर’ होत्या. लोकांनी त्यांना ‘गॅलपिंग गूज’, म्हणजे दौडणारा हंस, म्हटले. खराब रुळांवर त्या डुलत चालत आणि इंजिन गार राहावे म्हणून उघडी ठेवलेली बॉनेटची झाकणे पंखांसारखी फडफडत.

दुसऱ्या महायुद्धात या रेल्वेला अनपेक्षित महत्त्व आले. परिसरातल्या व्हॅनेडियमच्या खनिजातच युरेनियम होते आणि ते अणुबाँबच्या गुप्त प्रकल्पासाठी हवे होते. म्हणून सरकारने कर्ज देऊन ती चालू ठेवली. युद्धानंतर ट्रकांनी माल पळवला आणि १९५० मध्ये टपालाचा करारही रस्तावाहतुकीकडे गेला. उरलेल्या गाड्यांत बाके बसवून पर्यटकांच्या फेऱ्या काढल्या, पण तेवढ्यावर १६२ मैलांचा मार्ग सांभाळणे शक्य नव्हते. १९५१ अखेर वाहतूक थांबली आणि १९५३ पर्यंत रूळ उखडले गेले.

काटकसरीतून जन्मलेल्या या मोटारगाड्याच आज रेल्वेची ओळख ठरल्या आहेत. पहिली गाडी मोडीत निघाली, बाकी सहा टिकल्या. क्रमांक २, ६ आणि ७ गोल्डनच्या कोलोरॅडो रेल्वे संग्रहालयात आहेत, तर क्रमांक ३ कॅलिफोर्नियातल्या नॉट्स बेरी फार्म या करमणूक उद्यानात. डोलोरेसची क्रमांक ५ दुरुस्त झाली असून शेजारच्या पर्यटन रेल्वेमार्गांवर अधूनमधून धावते.