जाळरेषा (बन्नेरघट्टा)

जाळरेषा : वणवा अडवण्यासाठी गवत, पालापाचोळा व झुडपे काढून मोकळा ठेवलेला जमिनीचा पट्टा. पुढे जळण नसले की आग इथे विझते, निदान विझवणाऱ्यांच्या आवाक्यात येते. कन्नडमध्ये हिला ‘बेंकी रेखे’ म्हणतात.

बंगळुरूच्या दक्षिण वेशीला बन्नेरघट्टा राष्ट्रीय उद्यान आहे (स्थापना १९७४, क्षेत्र सुमारे २६० चौ. किमी.). रान शुष्क पानझडी व काटेरी झुडपांचे. पावसाळा सरला की गवत उभ्या उभ्या वाळते. जाळरेषेचे काम थंडीतच उरकावे लागते. पट्ट्याच्या दोन्ही कडांचे गवत आधी कापून आत लोटतात. ते वाळले की वारा पडलेला पाहून मधला भाग पेटवतात. कडेने माणसे हिरव्या डहाळ्या घेऊन उभी असतात, उडालेली ठिणगी झोडपून मारायला. कापलेले गवत वाळले आहे, पण पलीकडच्या रानात अजून ओल आहे, एवढीच काय ती मुदत. ती हुकली तर जाळरेषा करणाऱ्याच्याच हातून वणवा लागायचा.

गवतापेक्षा चिवट शत्रू म्हणजे घाणेरी (टणटणी). तिची जाळी हिरवी असतानाही पेटते आणि जमिनीवरची आग शेंड्यापर्यंत चढवते. नुसती छाटली तर पहिल्या पावसात दुप्पट फुटते. म्हणून मुळाचा गड्डा जमिनीखाली तोडून झुडूप उलटे टाकतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये बंडीपूरला ४,००० हेक्टरांहून अधिक रान जळाले, त्यात वाळल्या घाणेरीचा वाटा मोठा होता.

जाळरेषा वस्तीला रानापासून वाचवते, असे पुस्तकात असते. बन्नेरघट्ट्याला मात्र रानालाच वस्तीपासून वाचवावे लागते. इथली आग बहुधा माणसाच्या हातची : फेकलेली विडी, कोवळ्या चाऱ्यासाठी पेटवलेले गवत, लेआउटच्या (आखीव वसाहतीच्या) कुंपणाबाहेर जाळलेला कचरा. त्यात वस्तीला उद्यानापासून दूर ठेवणारा पट्टाही आक्रसला : उद्यानाभोवतालचे पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र २०१६ च्या मसुद्यात सुमारे २६९ चौ. किमी. होते; २०२० च्या अंतिम अधिसूचनेत ते १६९ वर आले.

भारतीय वन सर्वेक्षण २००४ पासून उपग्रहावरून वणव्याचे इशारे देते. त्यातला बारीकात बारीक ठिपका ३७५ मीटरचा. घरामागे पेटवलेला पाचोळा त्यात दिसेलच असे नाही. तो आधी दिसतो गावातून हंगामी नेमलेल्या राखणदाराला.