माणदेशाच्या कातळात माकडाचं हाड का नाही?

मी माण तालुक्यातला. आमच्याकडं दहिवडी असो की म्हसवड, विहीर खणायला घेतली की थोड्या मातीखाली काळा कातळ लागतो. मग आपले सगळ्यात जुने पूर्वज या कातळात सापडतील का? तर नाही. पण त्याचं कारण ऐकण्यासारखं आहे.

हा कातळ म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर वाहत आलेला लाव्हा. तापलेल्या लाव्ह्यात हाड टिकत नाही. हाडाचा जीवाश्म व्हायचा तर ते गाळाखाली लवकर गाडलं जावं लागतं. आपलं पठार मात्र नंतर बहुतेक झिजतच गेलं. गाळ इथं साठून राहिला नाही, वाहून गेला.

आता गुजरातेत जाऊ. सुरत जिल्ह्यात वस्तान नावाची लिग्नाइटची, म्हणजे तपकिरी कोळशाची, उघडी खाण. गंमत बघा, तिच्या तळाखालीही आपलाच काळा कातळ आहे! पण लाव्हा थंडावल्यावर तिथं किनाऱ्यालगत दलदल झाली, झाडं कुजली आणि गाळ साठला. त्या गाळातून प्राण्यांची हाडं निघाली. वय सुमारे ५.४५ कोटी वर्षं.

संशोधकांनी तो गाळ पाण्यात धुऊन चाळण्यांतून गाळला. इवलेसे दात मिळाले. त्यांवरून मार्कगोडिनोटियस आणि एशियाडॅपिस ही नावं ठरली. हे प्रायमेट, म्हणजे लेमूर, माकडं, एप आणि आपण ज्या कुळातले, त्या कुळातले झाडांवरचे चिमुकले प्राणी. त्यांतला लहान तर तळहातावर मावेल एवढा.

२००८ मध्ये काही दातांवरून अँथ्रासिमियस नावाचा, थेट माकडांच्या शाखेतला प्राणी जाहीर झाला. पण इतर अभ्यासकांनी दात पुन्हा तपासले आणि म्हणाले, हा तर मार्कगोडिनोटियसच! एकट्या दातावर कुळी सांगणं अवघड असतं, ते असं.

म्हणून २०१६ चा अभ्यास मोलाचा. त्यात हातापायांची २५ हाडं तपासली गेली. ती इतकी साधी निघाली, की लेमूरांची शाखा आणि माकड-माणसांची शाखा जिथं फुटली, त्या फाट्याच्या अगदी जवळची वाटतात. भारत तेव्हा आशियाला नुकता टेकत होता.

आता मुद्द्याची गोष्ट. कोळसा उकरला म्हणून ही हाडं दिसली, आणि कोळसा उकरतानाच अशी हाडं कायमची जाऊही शकतात. पोकलेनला दात आणि खडा यांतला फरक कळत नाही.

आणि माणचं काय? हे प्राणी इथं फिरलेही असतील. पुरावा नाही, एवढंच आपण म्हणू शकतो. ‘इथं काही नव्हतंच’ असं म्हणायला कातळ साक्ष देत नाही. तेव्हा पुढच्या वेळी कुणी ‘आमच्या भागाला इतिहासच नाही’ म्हणालं, तर त्याला विचारा: इतिहास नाही, की गाळ नाही?

भेटू पुढच्या भागात.